अंगणवाडीची राखण

एक दिवस अंगणवाडी मी सांभाळतो, असं मी बोलून गेलो. मला कुणी विचारलं नव्हतं. (मला कुणी काही विचारत नाही, म्हणून मी आधीच बोलून टाकतो.)

म्हसवडजवळच्या आमच्या गावची अंगणवाडी अकरा वर्षं माझी थोरली बहीण अंजनाक्का चालवायची. आषाढात ती गेली. तीन दिवसांचा ताप, बास. तिच्या जागी फलटणच्या संयोगिताबाई आल्या. बाई स्वभावानं चांगल्या, पण पोरं त्यांना बघूनच भोकाड पसरायची. अक्काची राणी साडेचार वर्षांची. ती रडायची नाही, फक्त माझं बोट सोडायची नाही आणि तिथल्या खिचडीला शिवायची नाही. दाजी फौजेत, सुट्टी संपवून परत गेलेले. म्हणून दोन महिने मेंढरं भावकीवर सोपवून मी अंगणवाडीच्या पायरीवर बसून होतो आणि आत राणी माझ्याकडं तोंड करून. आता आठ दिवसांत मला मेंढरं घेऊन फलटणकडं निघायचं होतं. पोरगी तिथं रमली नाही तर आमच्या आईनं रोजगाराला जायचं का तिला घेऊन बसायचं?

त्यात संयोगिताबाईंना तालुक्याला मीटिंग लागली आणि मदतनीस रंगुबाईंचा पाय मुरगळला. रंगुबाई स्टुलावर बसून खिचडी शिजवणार होत्या, पण पोरांमागं पळणार कोण?

"मी हाय की," मी म्हणालो.

"पोरं सांभाळलीत कधी?" बाईंनी विचारलं.

"दीडशे मेंढरं सांभाळतो, बाई. ही तर अठराच हायती."

"मेंढरांच्या चड्ड्या बदलाव्या लागत नाहीत, बाळासो."

तरी त्या गेल्या. जाताना एकच काम सांगितलं, पोरं जेवायला बसली की फोटो पाठवा.

साडेदहाला साईराज रडला. (चड्डी उलटी घातली होती, एवढंच कारण.) मल्हारनं त्याच्याकडं बघितलं, जरा विचार केला आणि तोही सुरू झाला. पाच मिनिटांत पंधरा पोरं रडत होती आणि उरलेल्यांना शू लागली होती. एकाला बाहेर नेलं तर सगळ्यांनाच लागली. आत आणून मोजली तर सतरा. पुन्हा मोजली तर एकोणीस. अडचण अशी, की मोजलेलं पोर आणि न मोजलेलं पोर दिसायला सारखंच असतं, आणि दोन्ही जागेवर राहत नाहीत.

मेंढरांचं असं झालं की आम्ही काय करतो? मोजलेल्या मेंढराच्या पाठीवर लाल रंगाचा ठिपका देतो. रंगाचा डबा मोटरसायकलला अडकवलेलाच होता. पोरांना पाठ उघडी करायला लावणं बरं दिसलं नसतं, म्हणून मी गालावर दिला. रडं जागच्या जागी थांबलं. पोरांनी रांग लावली. मल्हार तर तीनदा येऊन गेला, त्यामुळं आकडा वीसवर गेला, पण एवढं चालतं. राणी म्हणाली, "मला नगं," आणि माझा सदरा धरून उभी राहिली.

पोरं खिचडीची वाट बघत गपगार बसली. मी फोटो काढला आणि पाठवून दिला. (अक्का असती तर तिला आधी पाठवला असता.)

दहा मिनिटांत फोन आला. मीटिंग घेणाऱ्या, बाईंच्या वरच्या मॅडम होत्या; बाईंच्या मोबाइलवरचा फोटो त्यांनी बघितला होता.

"मुलांच्या चेहऱ्यावर हे कधीपासून आहे?"

"अकरापासून, मॅडम."

"सगळ्यांना एकदम?"

"न्हाई, रांगेत. एकेकाला."

"ताप आहे का?"

"आता मला आल्यासारखा वाटतोय."

मी पुढं काही सांगायच्या आत फोन ठेवला गेला. अर्ध्या तासात दवाखान्याची गाडी दारात आली, आणि गाडीमागं निम्मं गाव. नर्सबाईंनी साईराजचा गाल अंगठ्यानं घासला, अंगठ्याचा वास घेतला.

"कसला रंग आहे हा?"

"मेंढरांचा."

"जातो कधी?"

"लोकर कातरली की जातो," मी म्हणालो. खोटं बोलायची मला सवय नाही.

मल्हारची आजी हरणाबाई पुढं आली. "का रं बाळासो, माझ्या नातवाला बाजारात उभा करायचाय व्हय?"

"आवं मावशी, मोजाय सोपं जावं म्हणून—"

"तुला चार यत्ता मोजता आल्या न्हाईत, पोरं काय मोजतोस?"

तेवढ्यात नर्सबाईंनी पेटी उघडली. त्यांना फक्त कापूस काढायचा होता, पण पोरांना सुई आठवली. राणी सोडून सगळी पोरं रडू लागली, आया त्यांच्यावर ओरडू लागल्या, आणि त्या सगळ्यात साईराज माझ्या गुडघ्याला मिठी मारून म्हणाला, "आमच्या अंजनाबाई कवा येनार?"

मी खाली बसलो आणि रडलो. गडीमाणूस डोळे पुसतो तसं नाही, अगदी साईराजसारखं, तोंड उघडून. बाकी सगळे गप्प झाले. एवढ्या गर्दीत मी एकटाच रडत होतो.

राणीनं माझा सदरा सोडला. आत गेली, वाट्यांची पाटी ओढत आणली आणि माझ्या पुढ्यात ठेवली.

"मामा, वाट्या मोज."

"आता गं?"

"आई म्हनायची, जो रडतोय त्याला आधी काम द्यायचं."

मी वाट्या मोजू लागलो. तिनं साईराजला चमचे दिले, मल्हारला पेले मांडायला बसवलं. आयाही निमूट पंगत लावू लागल्या. हरणाबाईंनी पाणी वाढलं.

"अकरा वरीस अंजना हेच करत हुती," रंगुबाई स्टुलावरून म्हणाल्या. "तू दोन महिनं पायरीवर बसून काय बघत हुतास?"

शेवटची वाटी राणीनं स्वतःला घेतली. माझ्याकडं पाठ करून बसली आणि सगळी खिचडी संपवली. वाटीला लागलेलं शीतसुद्धा बोटानं निपटून खाल्लं. मी नर्सबाईंना ते दाखवायला गेलो, पण त्या अजून गालच घासत होत्या.

दुसऱ्या दिवशी दारात राणीनं माझं बोट सोडलं. मी सवयीनं पायरीवर टेकलो. तशी ती संयोगिताबाईंच्या कानाला लागली, पण तिचं कुजबुजणं अर्ध्या गावाला ऐकू जातं.

"बाई, मी बसते आत. मामाचं काय करायचं? त्याला एकटं सोडलं की रडतो, म्हनून मी रोज हितनं त्याच्याकडं बघत बसायची."

बाईंनी माझ्याकडं नीट निरखून बघितलं, नव्या पोराकडं बघतात तसं.

"बाळासो," त्या म्हणाल्या, "आज एकच तास मेंढरांत जाऊन बसा. रमलात, तर उद्यापासून अर्धा दिवस करू."