दिगंबरकाकांचा मिटलेला डोळा

माझं शिक्षण चौथीपर्यंत. शुद्धलेखन चुकेल, अक्षरही वाकडंतिकडं आहे, त्याची माफी असावी. दिगंबरकाकांना मात्र माफी नाही. तोंडावर बोलायची हिंमत होत नाही, म्हणून इथं लिहिते.

नल्लकुंटा मोहल्ल्यात आमच्या शेजारी राहणारे हे रिटायर मास्तर दसऱ्यापासून एक डोळा मिटून फिरतात. दोन्ही डोळे धडधाकट असून! बाजारात एक डोळा मिटून टमाट्यांवर बोट टेकवत होते, तर भाजीवाली भडकली. "क्या चाचा, उमर क्या, हरकतां क्या!" तेव्हापासून डोळ्यावर रुमाल बांधतात आणि लांब-जवळ कळावं म्हणून कोंबडीसारखी मान हलवतात.

आणि हे सगळे प्रयोग माझ्या घरी! "नक्को मंगल, चहा मीच ओततो," म्हणत किटली उचलायची आणि कपाच्या अलीकडेच धार सोडायची. माझा हातानं विणलेला टेबलक्लॉथ! वर मलाच शिकवायचं, "प्रत्येक डोळ्याचं चित्र जरासं वेगळं असतं बघ. डोकं दोन्हींचा मेळ घालतं, तेव्हा कप किती लांब ते कळतं. एका डोळ्यानं बघ, सगळं फोटोसारखं सपाट." मग स्वतःच्या घरी सांडा की! आमचे हे म्हणतात, "जाऊ दे." टेबलक्लॉथ ह्यांना कुठं धुवावा लागतो?

परवा काकांनी किटलीची चोच आधी कपाच्या काठाला टेकवली, मग ओतलं. थेंबही सांडला नाही. "जमलं!" म्हणून ओरडले आणि चहा तसाच टाकून घरी पळाले. डोळ्यावरून सोडलेला रुमालही टेबलावरच विसरले. आज चार शब्द सुनावायचेच, असं ठरवून मी रुमाल घेऊन मागोमाग गेले.

स्वयंपाकघरात सुमनकाकू होत्या. काचबिंदूनं त्यांचा एक डोळा गेल्यापासून त्या पाहुण्यांसमोर येत नाहीत, चहा बाहेर सांडतो म्हणून. काका त्यांना सांगत होते, "अगं, किटली काठाला टेकवून ओतायची नवी पद्धत आहे. शेजारच्या मंगलनं शिकवली मला."

मी? माझ्या नावावर खोटं? माझं तोंड उघडलंसुद्धा.

काकूंनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. "खरं का गं, मंगल?"

मी रुमाल मुठीत लपवला. "हो काकू. आमच्याकडं असंच ओततात."

काकूंनी चोच काठाला टेकवली आणि माझा कप भरला. काका दोन्ही डोळे उघडे ठेवून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते.