श्रोत्यांचा संपूर्ण सहभाग

जिल्हा वाचनालय परिषदेच्या मागील अधिवेशनात श्रोते झोपले होते, ही बाब परिषदेने अधिकृतपणे मान्य केली. झोप भाषणांमुळे लागली की भाषणांआधीच्या जिलेबी-मठ्ठ्यामुळे, यावर मात्र मतभेद कायम राहिले. म्हणून यंदाच्या परभणी अधिवेशनात दोन्ही बाजूंनी उपाय करण्यात आला. जेवण भाषणांनंतर ठेवले गेले, आणि प्रत्येक वक्त्याने श्रोत्यांना सतत सहभागी ठेवावे असा नियम झाला. त्यावर देखरेखीसाठी मुकुल नावाच्या तरुण प्रशिक्षकाची 'सहभाग समन्वयक' म्हणून नेमणूक झाली.

वक्त्यांत चुडाव्याच्या वाचनालयाचे जुने ग्रंथपाल माधवराव होते. ते वाचनालय परभणीच्या मुख्य वाचनालयात विलीन करण्याचा, म्हणजे बंद करण्याचा, ठराव त्याच दिवशी मतास येणार होता. त्याविरुद्ध बोलायला त्यांना दहा मिनिटे मिळाली होती. माधवरावांनी आयुष्यात चार माणसांसमोर तोंड उघडले नव्हते. पण सांगण्यासारखी एक गोष्ट त्यांच्याकडे होती.

त्याच वाचनालयात भरतीच्या परीक्षेचा अभ्यास करणारी सृष्टी त्यांच्यासोबत आली होती. गाडीत ती म्हणाली, "सर, बाकीचं राहू द्या. तेवढं एकच सांगा. ते ऐकल्यावर ठरावाला कुणी हात वर करणार न्हाई."

सभागृहाच्या दारात मुकुलने त्यांना गाठले.

"काका, सुरुवात कशानं करणार?"

"मुद्द्यानं."

मुकुलचा चेहरा पडला. "मुद्दा शेवटी हो! आधी प्रश्न विचारायचे, हात वर करायला लावायचे. हात खाली आला, की श्रोता गेला समजा."

"आणि कुणी वर केलाच नाही तर?"

"तर माइक बंद होतो. नियमच आहे तसा."

माधवराव उभे राहिले. त्यांनी माइक दोन्ही हातांनी धरला. मग ते म्हणाले, "ज्यांनी लहानपणी एक तरी पुस्तक वाचलंय, त्यांनी हात वर करा."

एकही हात वर आला नाही. मागच्या रांगेत पोखर्णीचे भुजंगराव शेजारच्या कडूबाईंकडे वळले. "काय इचारायलेत?"

"जेवणाचं असल. पानं किती मांडायची ते."

भुजंगरावांनी तात्काळ हात वर केला. ही माहिती रांगेरांगेने पुढे सरकली आणि सगळे सभागृह हात वर करून बसले.

"माझा नातू भाईर गाडीपाशी हाय," भुजंगराव दुसराही हात उंचावत ओरडले, "त्याचं बी धरा!"

मुकुलने खालून अंगठा दाखवला. माधवरावांना भरून आले. इतक्या माणसांनी त्यांचे आजवर कधीच ऐकले नव्हते.

"तर मंडळी, चुडाव्याचं वाचनालय..."

हात खाली येऊ लागले. मुकुल खुर्चीतून अर्धा उठला. "काका, घसरतंय!"

"चुडावा कोणी कोणी पाहिलंय?" माधवरावांनी घाईने विचारले. सगळे हात वर. "आणि कोणी पाहिलं नाही?" तेच हात पुन्हा वर. पुढे त्यांनी लोकांना उभे केले, बसवले, शेजाऱ्याशी हात मिळवायला लावले. अधूनमधून ते मुद्द्याकडे निघत आणि मुकुलचा चेहरा पाहून परत फिरत. घंटा वाजली. टाळ्या थांबेनात.

"माणूस लय भारी बोलला," भुजंगराव म्हणाले.

"कशावर?" कडूबाईंनी विचारले.

"ते मला काय माहीत? पण कट्टाळा न्हाई आला बगा."

अध्यक्षांनी तिथल्या तिथे माधवरावांना उत्कृष्ट वक्ता म्हणून जाहीर केले, शाल पांघरवली, नारळ दिला, आणि लगेच ठराव मांडला. "विलीनीकरणाच्या बाजूने असणाऱ्यांनी हात वर करावेत."

सगळे हात वर झाले.

"विरोधात?"

सगळे हात वर झाले.

अध्यक्ष गहिवरले. असा सहभाग आपण पाहिला नव्हता, असे सांगून त्यांनी निर्णय दिला, की सभागृहाचे दोन्ही बाजूंनी एकमत असल्याने ठराव मंजूर समजावा. माधवरावांचे दोन्ही हात शाल आणि नारळ सांभाळण्यात गुंतले होते, त्यामुळे त्यांचे मत नोंदवता आले नाही.

परतीच्या गाडीची वाट पाहताना सृष्टीने त्यांच्या हातातला नारळ आपल्या पिशवीत ठेवला. मग म्हणाली, "सर, तुमी ते सांगितलंच न्हाई."

"लोक इतकं छान ऐकत होते गं," माधवराव हळूच म्हणाले, "मधेच मुद्दा आणावासा वाटेना."

चुडाव्याच्या वाचनालयाला आता कुलूप आहे. यंदा एकही श्रोता झोपला नाही, याबद्दल परिषदेने स्वतःचे अभिनंदन केले आहे.

माधवराव नेमके काय सांगणार होते, हे वरील मजकुरातही कुठे आलेले नाही. त्याबाबत अद्याप एकाही वाचकाने विचारणा केलेली नाही.