रास्कसानचं मूळ गाव

"आडनाव सांगा, गाव काढून दाखवतो! माणूस स्वीडनचा असला म्हणून काय झालं?" चारुदत्त आंजर्लेकरने छाती फुगवून जाहीर केलं, तेव्हाच त्याच्या बायकोने, प्रणिताने, कपाळाला हात लावला.

हा माणूस म्हणजे चारूच्या जपानमधल्या ऑफिसातले साहेब, रास्क; तिथल्या रीतीने मानाचं 'सान' लावून रास्कसान. दोन वर्षांपूर्वी हिगाशी-कसाईत चारू-प्रणिताला परदेशी म्हणून कुणी घर देईना, तेव्हा तेच हमीदार म्हणून उभे राहिले. आता करार पुन्हा करायचा होता. सही मिळाली नाही, तर बिऱ्हाड रस्त्यावर!

"जेवायला बोलव, थँक्यू म्हण, सही घे. संपलं!" प्रणिता म्हणाली.

"छे! एवढे उपकार केलेत, त्यांना त्यांचं मूळ गावच भेट देतो!"

चारूने नेटवर 'रास्क' नावाचं गाव शोधलं, तिथल्या चर्चचा दाराएवढा फोटो फ्रेम केला आणि भर गर्दीच्या ट्रेनमधून डोक्यावर धरून आणला.

रविवारी रास्कसान आले. तीन जिने चढायला त्यांनी इतका वेळ घेतला, की पुरणपोळ्या दोनदा गरम झाल्या!

"सर, तुमच्या पूर्वजांचं गाव!" चारूने फोटोवरची चादर ओढली.

रास्कसाननी बघितलं. चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

"हे डेन्मार्कात आहे."

चारूचा चेहरा शिळ्या इडलीसारखा झाला!

"आणि आमचं नाव गावावरून नाहीच. खापरपणजोबा सैन्यात गेले, अँडर्स नावाचे. पलटणीत अँडर्स अकरा! एक हाक मारली की अकराही हजर! मग कॅप्टनने एकेकाला नवं नाव वाटलं. आमच्याला दिलं रास्क. म्हणजे चपळ."

"चपळ?" चारूचा आठ वर्षांचा ओजस खिदळला. "जिन्यात चारदा बसलात की!"

गेली सही! प्रणिताने टेबलाखालून ओजसला काढलेला चिमटा चारूला बसला.

रास्कसानचे खांदे हलायला लागले. रडतायत? छे, हसत होते!

"सैन्याने घरही दिलं होतं. नंतर त्या घरात जो शिपाई येई, त्यालाही रास्कच म्हणत. घर घ्या, नाव घ्या!" असं म्हणत त्यांनी सही ठोकली.

चारूला भरूनच आलं. दुसऱ्या दिवशी त्याने खालच्या टपालपेटीवरचं 'आंजर्लेकर' काढून 'रास्क' लावलं. "घर त्यांच्यामुळे, तर पाटीही त्यांचीच!" प्रणितालाही हे पटलं, म्हणजे बघा!

तीन महिन्यांत आईने पुण्याहून पाठवलेलं मेतकूट 'या नावाचं इथे कुणी नाही' असा शेरा घेऊन दोनदा परत गेलं. मग आईचाच फोन आला.

"चारू, खरं सांग. घरातून काढलं ना रे तुम्हाला?"