चौथं दार मुकं आहे

भिकूभाऊ कुणाच्याही घरी गेले की आधी दाराला कान लावायचे, मग कडी वाजवायचे. त्यामुळे पिंपरीतल्या आमच्या कामगार कॉलनीत नव्या बिऱ्हाडांशी त्यांची ओळख बहुधा भांडणानेच व्हायची. लातूरकडच्या एका बाईंनी तर हातात लाटणं घेऊन दार उघडलं. भिकूभाऊ शांतपणे म्हणाले, "कोयंडा ढिला आहे ताई. आवाजावरून कळतं." आणि खिशातली छोटी हातोडी काढून ठोकून दिला.

ते कंपनीत इलेक्ट्रिशियन, मी स्टोअरमध्ये कारकून. ऐंशी सालच्या आसपास आमच्या मोठ्या साहेबांकडे परदेशी गाडी होती. ड्रायव्हरजवळचं बटण दाबलं की चारही दारं एकदम लॉक. एके दिवशी मागचं डावं दार लॉक होईना. ड्रायव्हर म्हणाला, मुंबईलाच न्यावी लागेल. भिकूभाऊ कुणी न बोलावताच आले आणि त्यांनी दाराला कान लावला.

"दाब बटण. हं! तीन दारं बोलली, राव. चौथं मुकं आहे."

त्यांनी दाराचं आतलं अस्तर काढलं. आत तारेची गुंडाळी, तिच्या पोकळीत लोखंडी दांडी.

"करंट आला की कॉइल लोहचुंबक होते," ते थेट साहेबांनाच शिकवू लागले. "ती दांडी ओढते, दांडी लॉकचा खटका ओढते. उघडायला दुसरी कॉइल, ती उलट ओढते. बस्स."

कॉइल शाबूत होती. वायर तुटली होती बिजागरीपाशी. "दार रोज उघडतं-मिटतं, वायर तिथंच वाकते. माणसाचाही आधी गुडघाच जातो, साहेब."

जोड देताच चौथं दार टक्कन बोललं. साहेब खूश. काय हवं म्हणाले, तर भिकूभाऊंनी भंगारातली एक कॉइल आणि जुनी बॅटरी मागितली. माल गेटबाहेर न्यायची चिठ्ठी मीच केली.

पुढच्या आठवड्यात मी त्यांच्या घरी गेलो. ते पहिल्या शिफ्टला होते. वर्षापूर्वी वहिनींची उजवी बाजू लुळी पडली होती. दार उघडं ठेवायची त्यांना भीती वाटे, म्हणून भिकूभाऊ बाहेरून कुलूप लावून जात. आज कुलूप नव्हतं.

"कोण?"

"मी, वहिनी. जाधव."

टक्! खटका सरला. दार ढकललं तर वहिनी खाटेवर, डाव्या हाताशी एक बटण. भोवती शेजारच्या दोघी शेंगा सोलत बसलेल्या.

"सकाळपासून चौदा जणांना उघडलं, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "भाजीवाल्यालासुद्धा. भाजी नको होती, नुसतं उघडलं."

मग हसून म्हणाल्या, "बटण कुठं बसवायचं ते कळेना यांना. रविवारभर आपला उजवा हात कमरेला बांधून माझ्या खाटेवर पडून होते. जेवलेसुद्धा डाव्या हातानं. सगळं अंगावर सांडलं."