आपल्या माणसाचा कागद

सोसायटीसमोरचं छोटं पोस्ट हायवेपलीकडे हलवायचं दिल्लीत ठरलं आणि विक्रोळीत दशरथच्या डोक्याला ताप झाला. बायकोची, रुक्मिणीची, महिन्यातून दोनदा पोस्टात फेरी. आणि तिच्या गुडघ्यांना हायवे ओलांडणं म्हणजे काशीयात्राच. शनिवारपर्यंत शंभर सह्या गेल्या तर फेरविचार होणार होता.

पंचाईत अशी, की दशरथची ए विंग सगळी कोकणातली. तिथे दिल्लीविरुद्ध ब्र काढला तर चहा मिळत नाही. बी विंग मराठवाड्याकडची. तिथे दिल्लीचं कौतुक केलं तर चपला शोधून हातात देतात.

"आपल्या सरकारविरुद्ध सही? नाय जमणार," ए विंगचा निलेश म्हणाला.

"ह्यांच्यापुढं हात जोडू? मी?" बी विंगच्या कमलताईंनी दारच लावलं.

"आणि माझे गुडघे कोणत्या पार्टीचे हो?" रुक्मिणीने विचारलं.

शेवटी दशरथने बी विंगमधला जुना दोस्त कुंडलिक गाठला. साठी आली तरी ह्याच्या खोड्या सुटल्या नव्हत्या.

"दश्या, दोन अर्ज करू. मागणी एकच, पोस्ट हलवू नका. तुमच्यात वर सरकारचे आभार, आमच्यात निषेध. सून टाइप करते."

कुंडलिकने कागद आणून दिला, दशरथने पहिली सही ठोकली. दोन दिवसांत एकशे सोळा सह्या.

शनिवारी दोघं अर्ज घेऊन पोस्टात गेले. पोस्टमास्तरीणबाई वाचू लागल्या. "ए विंग. 'ह्या आंधळ्या-बहिऱ्या सरकारचा जाहीर धिक्कार...'"

"थांबा मॅडम, तो बी विंगचा."

"सह्या तुमच्याकडच्या आहेत. पहिली तुमचीच."

बी विंगच्या कागदावर 'मायबाप सरकारचे कोटी कोटी आभार' आणि खाली कमलताईंची झोकदार सही.

"वाट लागली, कुंडल्या. अदलाबदल झाली. दोन्ही विंगा मला सोलतील."

"वाचलंय कोणी? तुमच्यात तू फिरलास, आमच्यात मी. माणूस आपला, म्हणजे कागद पण आपला."

"तुला ठाऊक होतं ना?"

कुंडलिक पंख्याकडे बघत बसला. बाईंनी दोन्हींवर शिक्का मारला.

महिन्याभराने पत्र आलं: पोस्ट जागेवरच राहणार.

"बघा, प्रेमाने सांगितलं की आपलं सरकार ऐकतं," म्हणत निलेशने पेढे वाटले.

"झापलं म्हणून सरळ आले," म्हणत कमलताईंनीही वाटले.

दशरथने दोन्हीकडचे खाल्ले. तोंड भरलेलं असल्यामुळे त्याला काही बोलता आलं नाही.