एक निखारा द्या

कोळसा हुकमात कसा ठेवायचा, हे अख्ख्या मुलुंडात आपल्या एकट्यालाच कळतं असं गुणाजी परबाचं ठाम मत होतं. "जाळ काय, कोणीही करतो. दिवसभर निखारा जागता ठेवायचा, वर राखेची चादर, खाली नुसती धग, आणि धुरात कोंबडी हळूहळू शिजवायची. ह्याला अक्कल लागते!" सकाळपासून तो बायकोला हेच ऐकवत होता.

"गजाली कमी करा आणि मसाला चोळा," वनमाला म्हणाली.

तिचा धाकटा भाऊ चंद्रप्रकाश दुबईहून सुट्टीवर आला होता. तिथल्या कोळशावरच्या कोंबडीचं कौतुक ऐकून ऐकून गुणाजीचे कान किटले. शेवटी तो बोलून गेला, "ह्याच्यापेक्षा झकास मी आमच्या गच्चीवर करीन." चंदूने नवाकोरा टू-इन-वन, रेडिओ आणि टेप एकातच, टेबलावर ठेवला. "केलीत भावोजी, तर हा तुमचा." तेव्हापासून गुणाजी स्वप्नातसुद्धा कॅसेट पालटत होता.

अडचण एकच होती. सोसायटीत गच्चीवर मांस-मच्छीला सक्त बंदी. म्हणून त्याने तेलाच्या जुन्या पिंपाला खाली दार पाडून कोळसे पेटवले, वर जाळीवर कोंबड्या मांडल्या, झाकण घट्ट लावलं आणि विचारील त्याला सांगितलं, रताळी भाजतोय. वारा खाडीकडे वाहत होता, त्यामुळे वासाची भीती नव्हती.

दुपारभर काय सुंदर चाललं होतं! मूठभर कोळसा, एक फुंकर, पुन्हा दार बंद. गुणाजी नुसता तरंगत होता.

तिन्हीसांजेला सोसायटीचे सेक्रेटरी नंदकुमार यांच्या पत्नी जानकीकाकू धुपाटणं घेऊन वर आल्या. "गुणाजी, घरात गॅस आला आणि देवाला धूप घालायला विस्तवच राहिला नाही बघ. तुझी रताळी म्हणजे उपासाची, निखारा कसा सोवळ्यातला. एक दे ना."

आता नाही कसं म्हणणार? त्याने चिमट्याने एक काढून दिला. काकूंनी उतरता उतरता प्रत्येक मजल्यावर बातमी दिली आणि अख्खी बिल्डिंग धुपाटणी घेऊन गच्चीवर लोटली. एका बाळंतिणीची आई तर शेगडीच घेऊन आली, बाळाला ओव्याची धुरी द्यायची होती. बाळाला कोण नाही म्हणेल?

सगळे गेले तेव्हा पिंप थंडगार होतं. कोळशाची गोण रिकामी, रविवार म्हणून वखार बंद, आणि कोंबड्या अर्ध्या कच्च्या. खाली चंदू गाणी लावून पाय हलवत बसला होता.

"वाट लागली यार," म्हणत गुणाजी घमेलं आणि चिमटा घेऊन दारोदार फिरला. "काकू, धूप झाला असेल तर निखारा परत देता का?"

काकूंनी दिला. पण शेजाऱ्याची वस्तू परत देताना रिकामी कशी द्यायची? त्यांनी निखाऱ्यावर चांगला मूठभर धूप घातला. पुढच्या घरांनीही तेच केलं. बाळंतिणीकडून शेगडी आली ती ओव्यासकट. गुणाजीने सगळं पिंपात लोटलं, जीव खाऊन फुंकलं, आणि कोंबड्या एकदाच्या शिजल्या.

चंदूने पहिला घास घेतला आणि चावायचाच थांबला. गुणाजी टू-इन-वनकडे बघत उभा होता.

"अक्का," चंदू हळूच म्हणाला, "आरती आधी करायची की जेवण?"

टू-इन-वन आला तसा चंदूच्या खांद्यावरून परत गेला. गुणाजीला रडूच यायचं बाकी होतं.

दुसऱ्या दिवशी जिन्यात जानकीकाकू भेटल्या. "काल काय वास दरवळला रे धुपाला! आमचे हे देवघरासमोरून उठेनात. पुढच्या रविवारी परत रताळी लाव हो."

काकू पुढे गेल्या. मागून येणारे नंदकुमार गुणाजीपाशी थांबले, इकडेतिकडे पाहिलं आणि त्याच्या कानाशी लागले.

"एक रताळं माझ्यासाठी काढून ठेव. तंगडीचं."