यशवंतरावांचं भाषण आणि माझे शहाणे दिवे

अख्ख्या पांढुर्ण्यात डोकं असलेले दिवे फक्त माझ्या मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये आहेत. हे मी आजही छाती पुढे काढून सांगतो. लोक हसले तरी सांगतो.

गेल्या दिवाळीनंतर मी हॉलमधली सगळी बटणं उपटून भिंती सपाट करून टाकल्या. छताला सेन्सर बसवले. खाली माणूस हलला की दिवे लागतात. हालचाल थांबली की मंद होतात, आणि तरी कोणी हललं नाही तर हॉल रिकामा आहे असं समजून विझतात. बाकी कारभार माझ्या मोबाइलवर. एका बोटानं लग्नाचा पिवळा उजेड, दुसऱ्यानं जेवणाचा पांढरा, तिसऱ्यानं वरातीचे नाचणारे लाल-हिरवे.

मोठे भाऊ विजयभाऊ म्हणाले, "हेमराज, एखादं बटण तरी राहू दे."

मी म्हटलं, "भाऊ, मोटारीले बैलाचं जू लावते काय कोणी?"

नव्या दिव्यांखाली पहिलाच मोठा कार्यक्रम म्हणजे विजयभाऊंच्या मुलीचं, हिमानीचं साक्षगंध. पाहुणे लोधीखेड्याचे. ते उशिरा पोचले, म्हणून आधी पंगती उठवल्या आणि मग अंगठ्यांसाठी सगळे हॉलमध्ये बसलो. बाहेर भर दुपार होती, पण एसीसाठी खिडक्या मी केव्हाच बुजवल्या होत्या. सगळी भिस्त दिव्यांवर.

अंगठ्यांच्या आधी मुलाचे, म्हणजे वैभवचे वडील यशवंतराव माइकसमोर उभे राहिले. संत्र्याचे मोठे बागाईतदार, अंगानं पहाड, आणि बोलताना बोटसुद्धा न हलवणारे. दोनच शब्द बोलतो म्हणाले आणि आपल्या वडिलांनी लावलेल्या पहिल्या झाडापासून सुरू झाले. भाषणात संत्र्याचा आंबिया बहार संपून मृग बहार येईपर्यंत पोटातल्या जिलेबीनं आपलं काम केलं होतं. अख्खा हॉल कापसाच्या गाठी रचून ठेवल्यासारखा बसला होता.

दिवे मंद झाले. मग विझले.

"लाइट गेली काय?" कोणीतरी जांभई देत विचारलं.

"एसी चालू हाय," अंधारातून यशवंतरावांचा आवाज आला. "माइकबी चालू हाय. मी बोलून राहिलो तं फकत दिवेच काहून गेले?"

मी आमच्या बाजूला वाकून कुजबुजलो, "हात हलवा, हात हलवा." आमच्या माणसांनी एकदम हात हलवले आणि भक्कन उजेड झाला. त्या उजेडात यशवंतरावांना दिसलं ते असं की मुलीकडची सगळी मंडळी त्यांच्याकडे पाहून हात हलवत आहेत, जणू ते नागपूरच्या गाडीत बसून निघाले आहेत.

"मले टाटा करून राहिले? मी पुरं बोलल्याबिगर बसत नाई," ते म्हणाले, आणि वडिलांच्या शेवटच्या दुखण्यावर आले.

आता दिवे जाऊ नयेत म्हणून मी मोबाइल काढला. घामेजलेलं बोट घसरलं आणि तिसरीकडेच पडलं. हॉलभर लाल-हिरवे दिवे नाचू लागले.

यशवंतरावांनी माइक खाली ठेवला. "वैभव, ऊठ. माह्या बापाच्या दुखण्यावर जिथं वरात काढते, तिथली पोरगी आपल्याले नाई पाहिजे."

लोधीखेड्याची मंडळी उठली, आमचीही उठली. गोटमारीला जाम नदीच्या दोन काठांवर पांढुर्णा आणि सावरगाव उभे ठाकतात तसे आम्ही आमनेसामने होतो. हातात गोटे तेवढे नव्हते. मी घाईघाईनं पांढरा उजेड लावला. हिमानीचा चेहरा त्याहून पांढरा पडला होता.

विजयभाऊ माझा दंड धरून म्हणाले, "माफी माग. अन् हे सारं काढून टाकतो म्हण."

दुसरा कोणी असता तर म्हणाला असता. मी पुढे झालो. "इवाईबुवा, दिवे गेले त्याची माफी मागतो. पण दिव्यायची चूक नाई. लोक हलतच नव्हते."

"म्हंजे माह्या भाषणानं लोक झोपले?"

"मी नाई म्हणत. सेन्सर म्हणून राहिला."

यशवंतराव पहिल्यांदाच हलले. दोन्ही हात वर करून माझ्या अंगावर आले. "काढ थे वरचं."

"नाई काढत."

"काढ म्हणतो ना!"

"नाई काढत."

ते हात झाडत पुढे, मी मागे. हॉल नुसता लखलखत होता. त्यांच्या बायकोनं, केसरबाईंनी, आधी छताकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या हातांकडे. मग मुलाला हळूच म्हणाल्या, "वैभव, उजेड हाय तवर उरकून घे बाप्पा."

आम्ही भांडत होतो तेवढ्यात अंगठ्या घालून झाल्या. टाळ्या वाजल्या तेव्हा यशवंतराव वळले. "काय झालं?"

"साक्षगंध झालं," केसरबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या तोंडात पेढा घातला. हिमानी पाया पडली. तोंडात पेढा आणि पायाशी सून, अशा अवस्थेत माणूस किती रागावणार? त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. माझ्याकडे मात्र पाहिलं नाही.

निघताना केसरबाईंनी मला बाजूला घेतलं. "हेमराजभाऊ, हे आमच्या घरी बसवता येते काय? जेवणाच्या खोलीत. आमचे मालक रोज ताट समोर ठेवून बोलत बसतेत."

मी दुसऱ्याच आठवड्यात लोधीखेड्याला जाऊन बसवून आलो. मान ताठ ठेवून.

काल केसरबाईंचा फोन आला. हलत राहिलं की दिवे विझत नाहीत, ही युक्ती यशवंतरावांना समजली आहे. आता ते चालत चालत बोलतात. आधी निदान मांडी घालून पायाला रग लागली की थांबायचे. आता रोज चालून तब्येत सुधारली आहे आणि दम वाढला आहे.

दिवे उत्तम चालतात, यावर मी ठाम आहे. फक्त लोधीखेड्याकडे गेलात तर ते कोणी बसवले, हे विचारू नका.